बैठे खेळ आणि वाढत्या वयाचीं मुलें

वैशाखांतल्या दुपारीं अंबडसारख्या गांवीं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते. बारा वाजल्यापासून चार-साडेचारपर्यंत रस्ते ओस असतात, मत्स्योदरीच्या टेकडीवरचा दगड न् दगड तापून निघतो, आणि मोसंबीच्या बागेंतली सावली केवळ नांवाची उरते. अशा वेळीं घर मात्र भरलेलें असतें. परीक्षा आटोपलेल्या असतात. पुण्याहून, छत्रपती संभाजीनगराहून आतेमामेभावंडें सुटीसाठीं आलेलीं असतात. त्यांतल्या लहानांची चिंता कोणाला करावी लागत नाहीं. चार डबे आणि एक जुनें पातळ मिळालें कीं त्यांचा संसार मांडला जातो. वडील मंडळी जेवून आडवी होतात. प्रश्न उरतो तो मधल्यांचा, म्हणजे तेरापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचा. जो तो आपला मोबाईल घेऊन भिंतीला टेकतो. खोलींत सहा जण असतात आणि सहाही जण एकटे असतात. मैदानी खेळांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलें जातें. छपराखालीं, चटईवर, सहा-आठ जणांनीं मिळून खेळावयाच्या खेळांविषयीं मात्र ‘पत्ते-बित्ते खेळा’ यापलीकडे सहसा कोणी जात नाहीं. म्हणून त्यांविषयींच कांहीं गोष्टी आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या वयाचा स्वभाव प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे. पंधरा वर्षांच्या मुलाला हरण्याचें भय फारसें नसतें. हसें होण्याचें असतें. आवाज फुटलेला असतो, उंची एकाएकीं वाढलेली असते, आणि सारे आपल्याकडेच पाहत आहेत असें त्याला क्षणोक्षणीं वाटत असतें. मुलींची स्थिति याहून निराळी नाहीं. अशा मुलाला ‘ये, एक गाणें म्हणून दाखव’ असें चारचौघांत म्हटलें कीं तो उठून माडीवर जातो. तोच मुलगा चौघांच्या पक्षांत बसला तर आधीं शेजाऱ्याच्या कानांत गाणें सांगतो, मग अर्धी ओळ मोठ्यानें म्हणतो, आणि तासाभरानें त्याला आवरावें लागतें. पक्षाआड लपतां यावें, पण पक्षाला आपल्यावांचून चालूंहि नये, असा खेळ या वयाला मानवतो. दुसरी गोष्ट अशी कीं, ज्या खेळांत हरलेला बाद होतो तो आम्हांला या कामीं निरुपयोगी वाटतो. संगीत-खुर्चींत पहिल्याच फेरींत बाद झालेला मुलगा पूर्वीं कंटाळून बसत असे. आतां तो खिशांतून मोबाईल काढतो, आणि परत खेळांत येत नाहीं.

आमच्या जुन्या सारीपटाच्या मांडणींत हें शहाणपण पुरेपूर होतें. पटाच्या चार पट्ट्या, प्रत्येकींत तीन ओळी, ओळींत आठ घरें. मिळून ९६ घरें. सोंगट्या १६. खेळणारे चार, पण समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू. आपल्या चारही सोंगट्या घरीं पोंचल्या म्हणजे जिंकलें असें नाहीं. भिडूच्याहि पोंचाव्या लागतात. त्यामुळें कसलेला खेळाडू स्वतःची सोंगटी पुढें रेटण्याऐवजीं भिडूची वाट मोकळी करतो, आणि कधीं कधीं त्याच्या मदतीसाठीं आपली शेवटची सोंगटी मुद्दाम मागें ठेवतो. १८९६ मध्यें इंग्लंडांत याच खेळाला सोपें रूप देऊन ‘लुडो’ या नांवानें त्याचें पेटंट घेतलें गेलें. कवड्या जाऊन त्या जागीं ठोकळा आला, आणि बरोबर भिडूहि गेला! तोच लुडो पुढें आमच्या घरांत शिरला, आतां मोबाईलवरहि आला, आणि जो तो स्वतःपुरता खेळूं लागला. घरीं लुडोचा पुठ्ठा असेल तर तो टाकून देण्याचें कारण नाहीं. समोरासमोरच्यांना भिडू करावें, भिडूची सोंगटी मारावयाची नाहीं असें ठरवावें, आणि दोघांच्या मिळून आठही सोंगट्या पोंचल्यावरच डाव संपवावा. त्याच पुठ्ठ्यावर एकदम निराळी चर्चा ऐकूं येऊं लागते. सापशिडीची, म्हणजे आमच्या मोक्षपटाची, गोष्ट वेगळी. तेथें सारें दानावर अवलंबून. तेरा वर्षांच्या पुढें त्यांत मन रमत नाहीं.

पत्त्यांविषयीं सुशिक्षित घरांतहि कोठें कोठें अढी आढळते. ती पत्त्यांची नव्हे, पैशाची आहे, आणि ती जुनी आहे. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रां’त चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्यांतली हकीकत आहे ती अशी: हरिपाळदेव द्यूतांत हरले, देणें फेडण्यासाठीं त्यांनीं पत्नीकडे दागिने मागितले, तिनें ते दिले नाहींत, आणि त्या प्रसंगानें त्यांचें मन संसारावरून उडालें. पैसा, आणि पैशाच्या जागीं ठेवलेलें कांहींहि, बाजूला सारलें कीं मेंढीकोटासारखा निकोप खेळ उरतो. चौघे, दोन जोड्या, प्रत्येकाला १३ पानें. सारी लढाई चार दहिल्यांची. एक्का-राजा हातांत असूनहि भिडूचा दहिला वांचवतां आला नाहीं तर त्या ऐटीचा उपयोग काय? झब्बू आणि गुलामचोर यांना माणसें कितीहि चालतात, हंशाहि पुष्कळ होतो. पण पानें संपवून सुटलेला मोकळा बसतो, हा दोष त्यांत आहेच.

परंतु आठ-दहा जण जमले आहेत, सामान कांहींच नाहीं, आणि आजोबांनाहि जाग आलेली आहे, अशा वेळीं भेंड्यांना तोड नाहीं. एका पक्षानें कविता म्हणावी, तिच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्या पक्षानें दुसरी म्हणावी, न आली तर त्यांच्यावर भेंडी चढावी. खेळ पुरातन आहे. वात्स्यायनानें दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादींत ‘प्रहेलिका’ म्हणजे कोडीं आणि त्यांच्या लगतच ‘प्रतिमाला’ येते; टीकाकार प्रतिमालेचा जो अर्थ सांगतात तो आमच्या भेंड्यांचाच आहे.

अंबडसारख्या गांवांत या खेळाचें मोल मनोरंजनापेक्षां अधिक होतें. सप्टेंबर १९४८ पर्यंत हें गांव निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. कारभार उर्दूंत, वरच्या वर्गांचें शिक्षण उर्दूंत. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचेंहि माध्यम उर्दूच. मराठी घरांतल्या मुलाच्या कानांवर जुनी मराठी कविता पडावयाची ती बव्हंशीं घरांतच: परवचा झाल्यावर म्हणावयाचे श्लोक, आजीच्या आर्या, आणि भेंड्या. शाळेच्या पुस्तकांत जें मिळत नसे तें खेळांत पाठ होई, कारण पाठ नसलें तर आपल्यामुळें पक्षावर भेंडी चढे. गंमत अशी कीं उर्दूंतहि हाच खेळ आहे. त्याला ‘बैतबाजी’ म्हणतात. शेराच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्यानें शेर म्हणावयाचा. ज्या मुलाजवळ दोन्ही भाषांचा साठा असेल त्याला शाळेंत आणि घरीं, दोन्हीकडे मागणी!

आतां संस्थान नाहीं. पण पुष्कळ घरांतलीं मुलें इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जातात, आणि या एका बाबतींत त्यांची स्थिति त्यांच्या पणजोबांच्या स्थितीसारखीच आहे. मराठी कविता त्यांच्या कानांवर पुरेशी पडावयाची तर ती घरांतच पडावी लागेल. फरक इतकाच कीं पणजोबांच्या घरीं ती पडत होती. ही गोष्ट आम्हांला सलते, आणि म्हणूनच या खेळावर आम्ही इतकी शाई खर्च करीत आहों.

खेळण्यांतल्या कांहीं खुब्या सांगितल्या पाहिजेत. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ सालीं जांब येथें झाला. तें गांव पूर्वीं अंबड तालुक्यांत मोडे. आतां घनसावंगी तालुक्यांत आहे. तेव्हां मनाच्या श्लोकांवर येथल्या मुलांनीं आपला हक्क सांगितला तर नवल नाहीं. पण २०५ श्लोक पाठ आहेत म्हणून निर्धास्त बसलेला खेळाडू लवकरच फसतो. त्यांतले पुष्कळसे श्लोक ‘म’पासूनच सुरू होतात, दुसऱ्या अक्षरांना उत्तर द्यावयाचें तर ते क्वचितच उपयोगी पडतात. शिवाय कित्येक ठिकाणीं ओळीनें दहा-दहा श्लोकांचा शेवटचा चरण एकच आहे, त्यामुळें प्रतिपक्षाला तेंच तें ‘न’ किंवा ‘च’ मिळत राहतें, आणि या अक्षरांचा तुटवडा कोणालाच नसतो. खरी झुंज ट, ठ, ढ यांवर असते. ज्यानें ठ-वरच्या दोन आणि ढ-वरच्या दोन कविता राखून ठेवल्या तो पक्षाचा तारणहार ठरतो, मग तो एरवीं कितीहि मुखदुर्बळ असो. ण आणि ळ यांनीं तर मराठींत शब्दच सुरू होत नाहीं. ‘ण’ आल्यास ‘न’, ‘ळ’ आल्यास ‘ल’, असें आधींच ठरवावें. कांहीं घरांत त्याच्या मागचें अक्षर घेतात, तेंहि चालेल. पण ठरवावें. नाहींतर पहिला ‘गोपाळ’ आला कीं खेळ थांबतो आणि भांडण सुरू होतें.

सिनेमाचीं गाणीं चालतील काय, असा प्रश्न गृहिणी विचारतात. चालूं द्यावीं. तीं वर्ज्य केलीं तर मुलें खेळावयासच बसणार नाहींत, आणि त्यांतहि चांगलें काव्य नसतें असें नाहीं. मात्र एक फेरी गाण्यांची झाली कीं एक फेरी केवळ कवितांची, असा करार करावा. कवितेच्या फेरीसाठीं आजी एका पक्षाला आणि आजोबा दुसऱ्या पक्षाला वांटून द्यावे. गाण्यांच्या फेरींत ज्यांना कोणी विचारीत नव्हतें त्यांच्याभोंवतीं मुलें गोळा होतात, ‘आजोबा, ट, ट!’ म्हणून त्यांचा सदरा ओढतात. वडिलांनीं पंच होऊं नये, एवढीच विनंति. प्रत्येक ओळीला उच्चार सुधारीत बसणारा बाप भेंड्यांच्या बैठकींत असला कीं अर्ध्या तासांत बैठक मोडते.

‘नांव-गांव-फळ-फूल’ सर्वांना ठाऊकच आहे. एकट्यालाच सुचलेल्या उत्तराला दहा गुण आणि दोघांनीं लिहिलेल्याला पांच, हा नियम मात्र सोडूं नये. सारी खुमारी त्यांत आहे. ‘अ’ आलें कीं येथलीं सर्व मुलें गांवाच्या रकान्यांत अंबडच लिहितात आणि पांचांवर अडकतात. अचलपूर लिहिणारी मुलगी दहा गुण घेऊन जाते.

शेवटीं एक खेळ सांगतों, जो फार थोड्या घरांत खेळला जातो. मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) रामकथा शंभरावर निरनिराळ्या तऱ्हांनीं रचली, त्यांतलें एक ‘निरोष्ठ रामायण’. ओंठाला ओंठ लागेल असें अक्षर त्यांत येऊं द्यावयाचें नाहीं, अशी अट. दंडीच्या ‘दशकुमारचरितां’त मंत्रगुप्त नांवाचा कुमार ओंठ दुखावला असल्यामुळें आपली सारी हकीकत याच रीतीनें सांगतो. पंडितांचा हा खेळ मुलांना उत्तम साधतो. एका पक्षाचा एक जण मधें बसतो. दुसऱ्या पक्षानें त्याला मिनिटभर वाटेल ते प्रश्न विचारावे. त्यानें प, फ, ब, भ, म यांतलें एकहि अक्षर न उच्चारतां उत्तरें द्यावीं. ज्यांना अधिक कस हवा त्यांनीं उ आणि व हेहि वर्ज्य करावे. ओंठ मिटले कीं पाळी दुसऱ्या पक्षाकडे. बाद कोणीच होत नाहीं, आणि हसें व्हावयाचें तर सर्वांचें सारखेंच होतें. आई, आजी, आत्या चालतात. बाबा, मामा, मावशी चालत नाहींत. तहान लागली तर ‘जल’ मागावें लागतें. जेवणांत काय होतें याला ‘आंबरस’ म्हणतां येत नाहीं, ‘रस’ म्हणून भागवावें. आणि येथल्या मुलांना हटकून विचारलें जातें, ‘तूं कोठला?’ अंबड म्हणतां येत नाहीं, मत्स्योदरीचें गांव म्हणतां येत नाहीं. ‘जालना जिल्ह्यांत राहतो’ येथवर गाडी सुखरूप जाते. पुढें तालुका सांग म्हटलें कीं सगळी खोली त्याच्या ओंठांकडे पाहत बसते.