लाल कार्डही स्वस्त पडतं तेव्हा
१२ जानेवारी २०२०, जेद्दा, स्पॅनिश सुपर कपचा अंतिम सामना. ११५व्या मिनिटाला गोलकडे एकटा सुटलेल्या अ‍ॅटलेटिकोच्या मोराताला रेआल माद्रिदच्या वाल्वेर्देनं मागून पाडलं. लाल कार्ड मिळालं, पण गोल वाचला. रेआलनं शूटआउट ४-१ जिंकलं आणि सामनावीर ठरला वाल्वेर्देच! पंचांनी नियम तंतोतंत पाळूनही फायदा फाउल करणाऱ्याचाच झाला, कारण शेवटची पाच मिनिटं दहा जणांनी खेळणं फारसं महाग पडत नाही. बास्केटबॉलमध्ये अशा मुद्दाम केलेल्या फाउलला दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही मिळतो. फुटबॉलमध्येही अशी कडक शिक्षा आणली तर पंचांना हेतू कसा कळणार, हा आक्षेप टिकत नाही. स्पष्ट गोलसंधी हिरावली गेली का, हे ते आजही ठरवतातच. असा फाउल पेनल्टी क्षेत्राबाहेर झाला तरी पेनल्टीच द्यायला हवी.