शिक्षेआधी मुलांची चौकशी

गुन्हा आईचा, तर शिक्षाही तिच्या एकटीची, हा हिशेब कोर्टात सहज जुळतो. घरी जुळत नाही. आई आत गेली की मुलांची शाळा, जेवण, झोपायची जागा सगळंच बदलू शकतं, आणि त्या खटल्यात मुलांच्या वतीनं बोलणारं बहुधा कुणी नसतं. दक्षिण आफ्रिकेच्या घटनेतलं २८वं कलम सांगतं की, मुलाशी संबंधित प्रत्येक बाबीत त्याचं हित सर्वांत महत्त्वाचं. आईला शिक्षा होणं ही अशी ‘बाब’ धरायची का, हा प्रश्न २००७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयापुढे आला. आरोपी बाई सहानुभूती मिळवणारी नव्हती. फसवणुकीबद्दल ती आधीही दोषी ठरली होती आणि पुढच्या प्रकरणात जामिनावर असताना तिनं पुन्हा तेच केलं. पण १६, १२ आणि ८ वर्षांच्या तीन मुलांचं सगळं तीच पाहत होती. न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालानं उरलेला तुरुंगवास स्थगित केला. त्याऐवजी तीन वर्षं देखरेख, आठवड्याला दहा तास समाजसेवा आणि फसवलेल्यांची भरपाई अशी शिक्षा दिली. अल्पमतातल्या न्यायमूर्तींना मात्र तुरुंगच योग्य वाटला. माझ्या मते, निकालाचं मोल बाईच्या सुटकेत नाही. मुलं सांभाळतं कोण आणि तुरुंगवास झाला तर त्यांचं काय होईल, हे न्यायाधीशानं स्वतःहून विचारलं पाहिजे, ही त्यातली खरी गोष्ट.

यावर पहिला आक्षेप ठरलेलाच: मग मुलांची ढाल करून कुणीही सुटेल. तसं झालं नाही. २०११ मध्ये अशीच एक आई त्याच कोर्टात गेली; मुलांचे वडील घरात होते, ते सांभाळू शकत होते, म्हणून तिचा तुरुंगवास कायम राहिला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एकाच गुन्ह्यासाठी मूल नसलेल्याला तुरुंग आणि मूल असलेल्याला घर, ही कुठली समता? पण वय, आजारपण, पूर्वीची वागणूक पाहून कोर्टं शिक्षा कमी-जास्त करतातच. शिवाय इथली सवलत गुन्हेगाराची नाहीच, ती गुन्हा न केलेल्या तिसऱ्या माणसाची आहे. खून किंवा बलात्कारासारख्या गुन्ह्यात तुरुंग अटळच असेल. तिथेही मुलाची सोय आधी लावायला काय हरकत आहे?

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणात कैदी आयांच्या मुलांसाठी नियम घालून दिले: सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकतं, त्याला आहार, औषध, पाळणाघर मिळालं पाहिजे. चांगलंच झालं, पण ही काळजी तुरुंगाचं दार लागल्यानंतरची. आधीच्या टप्प्यासाठी नवा कायदाही लागणार नाही. दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकून घ्यायची तरतूद आहे, १९५८च्या परिवीक्षा कायद्यात परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवालही आहे. त्या अहवालात आजी मुलांना खरंच ठेवून घेणार आहे का, भावंडं एकत्र राहतील का, शाळा किती लांब पडेल, एवढं लिहून आलं तरी न्यायाधीशाला अंधारात शिक्षा ठरवावी लागणार नाही.