वचनाचा हिशेब : आफ्रिकी देशांच्या कृषी आढाव्यातील धडे

शेतीविषयक धोरणे समारंभपूर्वक जाहीर होतात. त्यांचा हिशेब ठरलेल्या मुदतीत, सर्वांसमक्ष मांडला जाणे मात्र विरळा. आफ्रिकी देशांनी गेल्या दशकात असा हिशेब एकमेकांपुढे ठेवण्याची पद्धत घालून घेतली. तिचे यश आणि तिच्या मर्यादा भारतातील विस्तार कार्यकर्ते व शेतकरी यांनीही समजून घेण्याजोग्या आहेत.

मापुतो ते मलाबो

२००३ साली मोझांबिकमधील मापुतो येथे आफ्रिकी संघाच्या राष्ट्रप्रमुखांनी राष्ट्रीय अर्थसंकल्पाचा किमान १० टक्के हिस्सा शेतीला देण्याचे वचन दिले. बहुसंख्य देशांना ते पाळता आले नाही. जून २०१४ मध्ये विषुववृत्तीय गिनीतील मलाबो येथे या वचनाचा पुनरुच्चार झाला. २०२५ पर्यंत उपासमारीचे निर्मूलन, काढणीपश्चात नुकसानीत निम्म्याने घट आणि आफ्रिकी देशांतील आपापसांतील शेतमाल व्यापारात तिपटीने वाढ ही उद्दिष्टेही ठरली. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे दर दोन वर्षांनी प्रत्येक देशाने आपली प्रगती मोजून संघापुढे ठेवावी, असे ठरले. परस्पर उत्तरदायित्व हे या घोषणेतील एक स्वतंत्र वचन होते.

गुणपत्रिका काय सांगते?

या आढाव्यात प्रत्येक देशाला १० पैकी गुण दिले जातात. २०१८ मधील पहिल्या फेरीत अहवाल देणाऱ्या ४७ देशांपैकी २० देश योग्य मार्गावर असल्याचे दिसले. २०२० मध्ये ही संख्या ४ वर आली. २०२२ मध्ये केवळ रवांडा उरला, तर २०२४ च्या चौथ्या फेरीत एकही देश निकषास उतरला नाही.

हे आकडे वाचून सर्वत्र पीछेहाट झाली, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. उद्दिष्टाचे वर्ष जवळ येईल तशी उत्तीर्णतेची रेषा वर सरकत होती. पहिल्या फेरीत ती ३.९४ गुणांवर होती, दुसऱ्या फेरीत ६.६६ वर गेली. त्यामुळे एखाद्या देशाचे गुण वाढले, तरी तो मागे पडलेला दिसू शकत होता. देश चालत होते. पण वचनाला हवा तो वेग त्यांच्या पावलांत नव्हता. हे उघडपणे सांगणारी गुणपत्रिका सर्वांसमोर आली, हेच या पद्धतीचे खरे यश होय.

उणिवाही लपलेल्या नाहीत. अनेक देशांकडे विश्वसनीय आकडेवारी अपुरी होती. शिवाय कमी गुण मिळाल्यास कोणताही दंड नाही. दबाव आहे तो केवळ शेजाऱ्यांच्या नजरेचा.

शेजाऱ्याने का विचारावे?

दुसऱ्या देशाच्या शेतीचा हिशेब आपण का विचारावा, या प्रश्नाचे उत्तर एका किडीने दिले आहे. मूळची अमेरिका खंडातील लष्करी अळी (स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा) २०१६ मध्ये पश्चिम व मध्य आफ्रिकेत प्रथम नोंदली गेली. अल्पावधीतच तिने सहाराच्या दक्षिणेकडील बहुतेक देश व्यापले. २०१८ मध्ये ती कर्नाटकात मक्यावर आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. हिचा पतंग वाऱ्याच्या साहाय्याने दूरवर जातो; त्याला सीमा ठाऊक नसते. एका देशाने कीड वेळेवर नोंदवली नाही, तर शेजारच्या शेतकऱ्याला सावध होण्याची उसंत मिळत नाही. अशा वेळी परस्पर उत्तरदायित्व हा राजनैतिक शिष्टाचार राहत नाही. ती पीक संरक्षणाची पहिली पायरी ठरते.

गावपातळीवर याचा अर्थ

जानेवारी २०२५ मध्ये युगांडातील कंपाला येथे आफ्रिकी संघाने २०२६ ते २०३५ या दशकासाठी नवी घोषणा स्वीकारली. नव्या उद्दिष्टांचे भवितव्यही अखेरीस शेताच्या बांधावर होणाऱ्या नोंदींवर अवलंबून राहणार आहे.

भारतात ‘आत्मा’ योजनेअंतर्गत तालुका व जिल्हा स्तरावर शेतकरी सल्लागार समित्यांची तरतूद आहे. हंगामाच्या अखेरीस अशा समितीपुढे तीन रकाने मांडता येतील : काय ठरले होते, काय झाले आणि जे झाले नाही ते का. शेतकऱ्यांनी प्रशासनास विचारावे. तसेच कीड सर्वेक्षणाची माहिती वेळेवर दिली का, शिफारशीनुसार फवारणी केली का, याचे उत्तर स्वतःही द्यावे. उत्तरदायित्व दोन्ही बाजूंनी असेल, तरच ते टिकते.

कामगंध सापळ्यातील पतंग न मोजताच भरलेला तक्ता नीटनेटका दिसतो. परंतु त्यावर आधारलेला सल्ला शेतकऱ्याचे पीक वाचवू शकत नाही. रिकामा राहिलेला रकाना पुढील आठवड्यात भरता येतो. खोट्या आकड्याने घातलेला हंगाम परत आणता येत नाही.