आचेचे गणित

सुगंधी तेलाच्या शेतीविषयी बोलणे निघाले की पहिला प्रश्न असतो, रोप कितीला मिळते? दुसरा, तेल काय भावाने जाते? या दोन टोकांच्या मधे जी भट्टी असते, तिच्याबद्दल फारसे कोणी विचारत नाही. गेल्या काही वर्षांत अहिल्यानगर, नाशिक, सोलापूर या पट्ट्यात काही शेतकऱ्यांनी जिरेनियम लावले. गवती चहा आणि रोशा गवताची लागवडही अधूनमधून दिसते. जनावरे तोंड लावत नाहीत आणि उसापेक्षा पाणी पुष्कळ कमी लागते, त्यामुळे अहिल्यानगर जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांना हे पीक सोयीचे वाटणे साहजिक आहे. पण जिरेनियमच्या एक टन ओल्या पाल्यातून साधारण एक ते दीड किलोच तेल निघते. पाल्यात हजारात एक-दीड भाग असलेला हा ऐवज बाहेर काढण्याचे सगळे काम आच करते. म्हणून या शेतीत कमाई होणार की तोटा, हे शेताइतकेच भट्टीच्या तोंडाशी ठरते.

या भट्टीमागचे विज्ञान नीट समजून घेतले की बाकीच्या गोष्टी आपोआप सुचू लागतात. रोशा आणि जिरेनियम या दोन्ही तेलांना गुलाबासारखा वास येतो, तो मुख्यतः जिरेनिऑल आणि सिट्रोनेलॉल या द्रव्यांमुळे. जिरेनिऑल नुसते तापवले तर ते सुमारे 230 अंशांना उकळते. तेवढ्या उष्णतेत पाला करपू लागतो आणि तेलाला जळका वास लागतो. पण एकमेकांत न मिसळणारे पाणी आणि तेल एकत्र तापले की दोघांच्या वाफेचा दाब एकमेकांत मिळवला जातो, आणि तेल पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही किंचित खाली वाफेबरोबर निघू लागते. अहिल्यानगर शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. इथे पाणी 98 अंशांना उकळते. म्हणजे 230 अंशांचे काम 98 अंशांत होते, आणि वनस्पती जळत नाही. ती फक्त तापते आणि आपला सुगंध वाफेच्या हवाली करते. जाळाने पाल्याला कुठेही थेट गाठू नये, हा नियम यातूनच येतो. टाकीच्या तळाशी पाणी, त्यावर वीतभर अंतर सोडून छिद्रांची जाळी आणि जाळीवर पाला, अशी रचना त्यासाठीच असते. पाणी आटून तळ कोरडा पडला, किंवा जाळीखाली घसरलेला पाला तापलेल्या पत्र्याला चिकटला, तर त्या खेपेचे तेल करपट होते. मग चांगला भाव मागायला तोंड राहत नाही.

हे ज्ञान महाराष्ट्राला नवे नाही. खानदेशात, नंदुरबार आणि पिंपळनेरच्या बाजूला, डोंगरउतारावरचे रोशा गवत कापून ओढ्याच्या काठी भट्ट्या लावल्या जात. ते तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानपर्यंत जाई, आणि तिकडे गुलाबाच्या महागड्या अत्तरात त्याची भेसळ होई. युरोपच्या बाजारात त्याला तुर्की जिरेनियम म्हणत. आपल्या डोंगरातला माल दुसऱ्याच्या नावाने विकला गेला, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे. मात्र भट्टीसाठी ओढ्याचा काठ निवडण्यात पक्का व्यवहार होता. तेल काढायला जाळ जितका लागतो, तितकाच ती तेलाची वाफ नळ्यांतून निववायला गारवाही लागतो.

आता जाळाचा हिशेब मांडू. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळवून त्याची वाफ करायला सहाशेपेक्षा थोड्या जास्त किलोकॅलरी लागतात. चांगले वाळलेले सरपण किलोमागे साडेतीन हजार किलोकॅलरी देते असे धरले, तर कागदावर एका किलोत साडेपाच लिटर पाण्याची वाफ व्हायला हवी. उघड्या, धुराडे नसलेल्या भट्टीत त्याच्या निम्मेही हाती लागत नाही. उरलेली उष्णता बाजूने, वरून आणि धुरातून निघून जाते. सरपण ओले असेल तर हाल आणखी वाढतात. ताज्या तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ अर्धे वजन पाण्याचे असते, आणि ते पाणी उडवायलाही तेच लाकूड जळते. माळरानावरची वेडी बाभूळ तोडून त्याच आठवड्यात भट्टीत घातली, तर धूर भरपूर होतो आणि वाफ मात्र अशक्त राहते. त्यामुळे महागडी टाकी घेण्याआधी राख खाली पडेल अशी लोखंडी जाळी, हवेला वाट, उंच धुराडे आणि टाकीभोवती मातीचा जाड थर यांवर खर्च करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. अहिल्यानगर जिल्ह्यात गुऱ्हाळाची परंपरा आहे. काहिलीखाली चिपाड किती आणि केव्हा सारायचे हे जाणणारा जळव्या गुळाची प्रत राखतो. तेलाच्या भट्टीवर मात्र जाळ घालणे म्हणजे हलके काम समजून ते कोणावरही सोपवले जाते.

इथे एक आक्षेप हमखास येतो. जाळ मोठा केला की वाफ जास्त होईल, पाळी लवकर उरकेल, मजुरी वाचेल; मग मंद आचेचा आग्रह कशाला? आग्रह मंद आचेचा नाही, तो एकसारख्या आचेचा आहे. तेल पानाच्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये असते आणि ते बाहेर यायला वेळ लागतो. वाफ फार जोरात गेली तर तेलाने भरून घेण्याआधीच ती निघून जाते. थंड करणाऱ्या नळ्यांना ती आवरत नाही आणि काही भाग वाफेच्याच रूपात हवेत सुटतो. भट्टीचा वास शिवारभर दरवळला की येणारे-जाणारे कौतुक करतात, पण तो दरवळ म्हणजे मालकाचे उडून जाणारे तेल असते. उलट आच फार मंद झाली तर वाफ वरच्या पाल्यापर्यंत पोहोचण्याआधीच पाणी होऊन परत खाली पडते, आणि गरम पाण्याशी फार वेळ संबंध आल्याने तेलातली काही नाजूक द्रव्ये फुटतात. म्हणून पाणी उकळेपर्यंत जाळ मोठा ठेवावा, नळीतून पहिली धार पडली की तो कमी करून एका पातळीवर आणावा, आणि धारेचा वेग शेवटपर्यंत सारखा राखावा. पाला भरण्याचेही तेच. काही तास सावलीत सुकवलेला पाला कमी जागेत मावतो आणि त्यातले जास्तीचे पाणी तापवावे लागत नाही. तो कडेपासून मध्यापर्यंत सारखा दाबला नाही, तर वाफ पोकळ जागेतून वाट काढते आणि बाजूचा पाला तेलासकट तसाच राहतो.

पाळी कधी थांबवावी, यावर मतभेद आहेत. बहुतेक तेल पहिल्या दीड-दोन तासांत येते. शेवटच्या तासात सरपण पूर्वीइतकेच जळते आणि तेल थेंबांनी मोजावे लागते. तेव्हा लवकर थांबणे फायद्याचे वाटते. पण आधी येणारे आणि नंतर येणारे घटक एकसारखे नसतात. खरेदीदार तेल तपासून घेतो, आणि उशिरा येणारे जड घटक त्यात कमी पडले तर भाव पाडतो. मला वाटते, इथे अंदाज चालणार नाही. पहिल्या काही पाळ्यांत दर अर्ध्या तासाचे तेल वेगळे मोजावे, त्याचा नमुना तपासून घ्यावा आणि मगच आपल्या भट्टीची वेळ पक्की करावी. जिरेनियमला साधारण तीन ते चार तास लागतात, पण टाकीचा आकार, पाल्यातला ओलावा आणि जाळ यांनुसार ते बदलते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर संशोधन चालते. लखनौची सीमॅप ही संस्था 1959 पासून याच विषयाला वाहिलेली आहे. विचारायला जागा नाही, अशी स्थिती नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप पाण्याचा आणि लाकडाचा आहे, आणि तो टाळता येत नाही. एक लिटर पाण्याची वाफ थंड करायला, थंड करणारे पाणी 20 अंशांनी तापू द्यायचे म्हटले, तर सुमारे 30 लिटर पाणी फिरवावे लागते. एका पाळीत 200 लिटर पाणी नळीतून बाहेर आले, तर 6000 लिटर. ज्या पारनेर-पाथर्डीत उन्हाळ्यात गावाला टँकर लागतो, तिथे हे पाणी वाहू देणे अन्यायाचे आहे. ते मोठ्या हौदात सोडून, निववून पुन्हा फिरवले, तर खरी तूट फक्त उडून जाणाऱ्या पाण्याची राहते. ती वाफेच्या प्रत्येक लिटरमागे लिटरभराच्या घरात येते. एप्रिल-मेमध्ये पाळी रात्री लावली की हौद लवकर निवतो. सरपणाचे उत्तर टाकीतच असते. तेल काढून झालेले रोशा किंवा गवती चहा उन्हात वाळवून पुढच्या पाळीला जाळता येते. त्याने सगळी गरज भागेल असे नाही, पण झाडे तोडण्याची वेळ कमी येते. तेलाखाली उरलेले सुवासिक पाणीही फेकू नये. जिरेनिऑल पाण्यात थोडे विरघळते, त्यामुळे हे पाणी पुढच्या पाळीत टाकीच्या तळाशी घातले की त्यातले काही तेल परत मिळते.

एवढे सगळे एका शेतकऱ्याने स्वतःच्या भट्टीवर करायचे म्हटले, तर ते जड जाते हे खरे. जिरेनियमची छाटणी वर्षातून तीन-चार वेळाच होते. बाकीचे दिवस लाखो रुपयांची स्टीलची टाकी रिकामी बसते. रोपे विकणारे परत खरेदीची हमी देतात, भट्टीविषयी मात्र मोघम बोलतात, आणि कर्ज शेतकऱ्याच्या नावावर राहते. पाच-सहा जणांनी मिळून एक भट्टी घातली, लागवडी पंधरवड्याच्या अंतराने केल्या आणि जाळ सांभाळायला एकच माणूस चांगल्या मजुरीवर ठेवला, तर टाकी वर्षभर चालू राहते, पाला कापल्यापासून एक-दोन दिवसांत भट्टीला लागतो आणि त्या माणसाचा हातही बसतो. रोपांची ऑर्डर देण्याआधी शेजारच्या तालुक्यातल्या चालू भट्टीवर एक पूर्ण पाळी उभे राहून पाहावी, सरपण वजन करून घ्यावे, तेल मोजावे, आणि त्या आकड्यांवर एकराचा हिशेब मांडावा.