वसाहतकालीन बोस्टनमधील दुकानदारांच्या जाहिराती

ब्रिटिश अंमलाखालील बोस्टन (मॅसॅच्युसेट्स) येथील दुकानदार, कारागीर आणि व्यापारी यांनी इ.स.च्या अठराव्या शतकात आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी चार साधने प्रामुख्याने वापरली: दुकानावरील चिन्हफलक, वृत्तपत्रांतील जाहिराती, छापील पत्रके आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली व्यवसायपत्रे. बोस्टन हे त्या काळी सुमारे १५,००० वस्तीचे बंदर होते. कायद्याने त्याला 'शहर' हा दर्जा १८२२ मध्ये मिळाला. तोपर्यंत तेथील कारभार नगरसभेमार्फत चाले. अमेरिकन क्रांतीच्या आधीच्या काही वर्षांत येथील जाहिरातींना राजकीय अर्थ प्राप्त झाला आणि 'लंडनहून आयात केलेला माल' हे एरवी अभिमानाने छापले जाणारे शब्द दुकानदाराच्या अंगाशी येऊ लागले.

चिन्हफलक

घरांना क्रमांक नसल्यामुळे दुकान सापडावे कसे, हा प्रश्न फलकाने सोडवला जाई. बेंजामिन फ्रँकलिनचे वडील जोसाया फ्रँकलिन चरबीच्या मेणबत्त्या व साबण तयार करीत. त्यांच्या दुकानाची खूण निळा गोळा ही होती. टॉमस हॅनकॉक या पुस्तकविक्रेत्याचे दुकान 'बायबल आणि तीन मुकुट' या चिन्हाने, तर टॉमस फ्लीटचा छापखाना 'हृदय आणि मुकुट' या चिन्हाने ओळखला जाई. चिन्हाचा धंद्याशी संबंध असलाच पाहिजे असे नव्हते. ते लक्षात राहणे महत्त्वाचे होते. कॉर्नहिल रस्त्यावरील 'पितळी मस्तक' हे जॅक्सन कुटुंबाचे धातुसामानाचे दुकान मेरी जॅक्सन या स्त्रीने अनेक वर्षे चालविले. २० मार्च १७६० रोजी याच जागी लागलेल्या आगीत गावातील सुमारे ३५० इमारती जळाल्या. दुकान पुन्हा उभे राहिले आणि चिन्हही तेच राहिले.

वृत्तपत्रे

'बोस्टन न्यूज-लेटर' हे साप्ताहिक २४ एप्रिल १७०४ रोजी टपालप्रमुख जॉन कॅम्पबेल यांनी सुरू केले. घरे, जमिनी, जहाजे, माल, पळालेले नोकर आणि हरवलेल्या वस्तू यांविषयीच्या सूचना १२ पेन्सपासून ५ शिलिंगांपर्यंतच्या दराने छापू, असे पहिल्याच अंकात जाहीर करण्यात आले होते. लवकरच ऑयस्टर बे येथील एक मालमत्ता आणि नाहीशा झालेल्या दोन ऐरणी यांच्या सूचना प्रसिद्ध झाल्या. पुढे 'बोस्टन गॅझेट' (१७१९) व इतर पत्रे निघाली. शतकाच्या मध्यापर्यंत चार पानी अंकाचा मोठा भाग जाहिरातींनी व्यापलेला असे. वर्गणी वेळेवर न देणाऱ्या वाचकांपेक्षा जाहिरातदारांवरच मुद्रकाची भिस्त होती, असे म्हणावयास हरकत नाही.

या जाहिरातींचा साचा ठरलेला होता. वर ठळक अक्षरांत दुकानदाराचे नाव, त्याखाली शेजारच्या ओळखीच्या खुणेसह पत्ता, मग 'शेवटच्या जहाजांनी लंडनहून नुकताच आलेला माल, रोख पैशास स्वस्त' अशा आशयाची ओळ आणि त्यानंतर मालाची यादी. ही यादी कधीकधी संपूर्ण रकानाभर चाले. भाव मात्र सहसा छापत नसत. ते दुकानात घासाघीस करून ठरत. आजच्या वाचकास अशा याद्या कंटाळवाण्या वाटतील. परंतु निवडीस वाव आहे, हे ग्राहकाला पटविण्याचा तोच मार्ग होता. या यादीतील काही कापडांची नावे मराठी वाचकास ओळखीची वाटावीत: कालिकत बंदरावरून पडलेले 'कॅलिको', 'छीट'चे रूप असलेले 'चिंट्झ' आणि बांधणीशी नाते सांगणारे 'बंदाना' रुमाल. हिंदुस्थानातील छापील सुती कापड वापरण्यावर ब्रिटनमध्ये १७२१ पासून बंदी होती. मात्र ते लंडनमार्गे वसाहतींत पाठविण्यास मुभा होती.

चित्रे थोडी असत. जहाज, घोडा, पळणारा माणूस असे लाकडी ठसे मुद्रकाजवळ तयार असत आणि तेच पुन्हा पुन्हा वापरले जात. देखणी छपाई हवी असल्यास व्यवसायपत्र कोरून घ्यावे लागे. चांदीचे काम करणारा पॉल रिव्हिअर अशी पत्रे कोरून देई. जोसेफ वेब या लोखंडी सामानाच्या विक्रेत्यासाठी त्याने १७६५ मध्ये केलेले पत्र प्रसिद्ध आहे. रिव्हिअर स्वतःही जाहिरातदार होता. जॉन बेकर या दंतवैद्याकडून शिकलेली विद्या वापरून आपण समोरचे कृत्रिम दात बसवितो, असे त्याने १७६८ मध्ये 'बोस्टन गॅझेट'मधून कळविले. दोन वर्षांनी पुन्हा जाहिरात देताना त्याने मध्यंतरी काही शेकडा दात बसविल्याचा दावा केला.

स्त्रियांच्या जाहिरातीही नियमित येत. स्कॉटलंडहून आलेल्या एलिझाबेथ मरे यांनी १७४९ मध्ये लेस, फिती व टोप्यांचे दुकान थाटले. त्या शिवणकामही शिकवीत. हिवाळा संपताना सुझॅना रेंकन यांच्यासारख्या विक्रेत्या बियाण्यांच्या याद्या छापून आणत.

माणसांची विक्री

चहा, खिळे आणि कापड यांच्या शेजारीच गुलाम स्त्री-पुरुषांच्या विक्रीच्या सूचना छापल्या जात. त्यांत पुष्कळदा विक्रेत्याचे नाव नसे; 'चौकशी मुद्रकाकडे करावी' एवढेच लिहिलेले असे. म्हणजे मुद्रक हा या व्यवहारातील दलालही होता. १७६१ च्या उन्हाळ्यात 'फिलिस' या जहाजातून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या विक्रीची जाहिरात झाली. त्यांतील सुमारे सात वर्षांची एक मुलगी व्हीटली कुटुंबाने विकत घेतली. जहाजाचेच नाव मिळालेली ही मुलगी पुढे कवयित्री फिलिस व्हीटली म्हणून ओळखली गेली. तिच्या कवितासंग्रहासाठी १७७२ मध्ये बोस्टनच्या वृत्तपत्रात आगाऊ वर्गणीदारांची मागणी छापण्यात आली, पण पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत. संग्रह १७७३ मध्ये लंडनला छापला गेला आणि त्यानंतर बोस्टनच्या दुकानांत जाहिरात करून विकला गेला.

बहिष्कार आणि उलटी जाहिरात

१७६५ च्या स्टँप कायद्याने प्रत्येक जाहिरातीवर २ शिलिंग कर बसविला. तो कायदा पुढच्याच वर्षी रद्द झाला. १७६७ च्या टाउनशेंड करांनंतर बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी १ ऑगस्ट १७६८ रोजी करार करून १७६९ या वर्षात ब्रिटनमधून बहुतेक माल न मागविण्याचे ठरविले. आता जाहिरातदाराला मालाइतकीच त्याच्या आगमनाची तारीख सांगावी लागे. हा माल करारापूर्वीचा आहे, असा खुलासा काहीजण आवर्जून करीत. देशी मालाचे गुणगानही सुरू झाले.

करार मोडणाऱ्यांची नावे 'बोस्टन गॅझेट'ने छापली. विल्यम जॅक्सन याच्याविरुद्ध निघालेले पत्रक तर जाहिरातीच्याच साच्यातले होते: नाव, 'पितळी मस्तक' हे चिन्ह, जवळच्या खुणांसह अचूक पत्ता, आणि शेवटी त्याच्याकडून काहीही घेऊ नये अशी विनंती. ग्राहकाला दुकानापर्यंत आणणारी माहितीच त्याला तेथून दूर ठेवण्यासाठी वापरली गेली. दुसऱ्या बाजूने, 'बोस्टन क्रॉनिकल'चा मुद्रक व पुस्तकविक्रेता जॉन मीन याने जहाजांवरील मालाच्या याद्या छापून करारावर सही करणारेच माल आणवीत असल्याचा आरोप केला. ऑक्टोबर १७६९ मध्ये जमावाने त्याला गाठले आणि त्याला बोस्टन सोडावे लागले.

थिओफिलस लिली या दुकानदाराने जानेवारी १७७० मध्ये वृत्तपत्रातून आपली बाजू मांडली. स्वातंत्र्याच्या नावाने इतरांवर सक्ती करणाऱ्यांविषयी त्याने त्यात तीव्र नाराजी व्यक्त केली. २२ फेब्रुवारी रोजी मुलांच्या जमावाने त्याच्या दुकानाकडे बोट दाखविणारा फलक उभारला. सीमाशुल्क खात्याचा खबऱ्या एबेनेझर रिचर्डसन तो पाडावयास गेला. जमावाने त्याच्या घरापर्यंत पाठलाग करून दगडफेक केली आणि त्याने आतून गोळी झाडली. क्रिस्टोफर सायडर हा सुमारे ११ वर्षांचा मुलगा त्यात मरण पावला. त्याच्या अंत्ययात्रेस फार मोठी गर्दी लोटली. त्यानंतर आठवडाभरातच, ५ मार्च रोजी, सैनिकांच्या गोळीबाराची 'बोस्टन हत्याकांड' म्हणून ओळखली जाणारी घटना घडली. रिचर्डसन खुनाबद्दल दोषी ठरला, परंतु पुढे त्याला राजाची माफी मिळाली.

चहावरील कर वगळता टाउनशेंड कर १७७० मध्ये मागे घेण्यात आले. ऑक्टोबरमध्ये बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी बहिष्कार सोडून दिला आणि लंडनहून नुकत्याच आलेल्या मालाच्या लांबलचक याद्या वृत्तपत्रांत पुन्हा दिसू लागल्या.