कावळा काही वेडा नाही

मे महिन्यात एखाद्या झाडाखालून जाताना कावळ्याने तुमच्या डोक्यावर टोच मारलीय का कधी? मारली असेल तर वर बघा. फांद्यांच्या बेचक्यात काटक्यांचं, कधी कधी तारांचे तुकडेही अडकवलेलं घरटं दिसेल. आत अंडी किंवा पिल्लं असली की कावळ्याची जोडी कुणालाच जवळ फिरकू देत नाही. माणूस असो, मांजर असो, नाहीतर घार असो.

आणि तरीही कोकिळा त्याच घरट्यात आपलं अंडं घालून येते!

हे जमतं कसं? कोकीळ नर, म्हणजे काळाभोर, लाल डोळ्यांचा, गाणारा तो, घरट्याजवळ येऊन आरडाओरडा करतो. कावळे चिडून त्याच्या मागे लागतात. तेवढ्यात ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी गुपचूप घरट्यात शिरते आणि काम उरकते. कावळ्याचं अंडं निळसर हिरवं, त्यावर तपकिरी शिंतोडे. कोकिळेचंही तसंच, फक्त जरा लहान. पण खरी मेख पुढे आहे. कोकिळेचं पिल्लू साधारण १२ ते १४ दिवसांत अंड्यातून बाहेर येतं. कावळ्याच्या पिल्लाला १६-१७ दिवस लागतात. म्हणजे पाहुणा आधी जन्मतो, आधी चोच वासतो, आधी मोठा होतो. मागून आलेल्या कावळ्याच्या पिल्लांच्या वाट्याला घास कमी येतात, आणि त्यांतली काही उपासमारीने मरतात.

दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या अशा पक्ष्यांना शास्त्रज्ञ परजीवी म्हणतात. ज्याचं घरटं, तो यजमान. गोष्टींमध्ये हा यजमान कावळा हमखास वेडा ठरतो. मला ते मुळीच पटत नाही. विचार करा, परकं अंडं शोधून फेकायला गेलं आणि चुकून स्वतःचंच फेकलं तर? शिवाय कोकिळेचं पिल्लू सहसा कावळ्याच्या पिल्लांना घरट्याबाहेर ढकलत नाही. त्यामुळे पुष्कळदा कावळ्याचीही एखाद-दोन पिल्लं जगतात. नुकसान होतं, पण सगळं घरटं रिकामं होतंच असं नाही.

युरोपातल्या कक्कू नावाच्या परजीवी पक्ष्याच्या यजमानांचं मात्र सगळंच जातं. एडवर्ड जेन्नर हे नाव तुम्ही देवीच्या लशीच्या धड्यात वाचलं असेल. लशीच्या आधी, १७८८ मध्ये, याच डॉक्टरांनी कक्कूच्या पिल्लाबद्दल लिहिलं होतं. नुकतं जन्मलेलं, डोळेही न उघडलेलं, अंगावर एक पीस नसलेलं पिल्लू. त्याच्या पाठीत एक छोटा खळगा असतो. शेजारचं अंडं ते त्या खळग्यात घेतं, पाय घरट्याच्या भिंतीला रोवतं आणि मागे मागे सरकत ते अंडं वर चढवून बाहेर लोटून देतं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. वाचून अनेकांचा विश्वासच बसला नाही, पण जेन्नर यांनी पाहिलं ते खरं होतं.

आता यजमानाच्या बाजूने बघा. वर्षानुवर्षं, पिढ्यान्‌पिढ्या असं होत राहिलं, तर कोणाची पिल्लं जास्त वाचतील? ज्या पक्ष्याला फसवणं थोडं अवघड जातं, त्याची. त्याच्या पिल्लांमध्येही तो गुण उतरतो. हळूहळू सगळी जातच बदलत जाते. परजीवी पक्षी यजमानाची पिल्लं हिरावतो हे तर खरंच, पण त्याने यजमानाला काय काय शिकवलं ते बघितलं की मी थक्क होते.

आफ्रिकेतल्या झांबिया देशात जाऊ. आपल्याकडे बागेत शेपटी उडवत फिरणारा वटवट्या तुम्ही पाहिला असेल. त्याचा एक भाऊबंद तिथल्या गवताळ रानात राहतो. त्याच्या घरट्यात कक्कू-फिंच नावाचा पक्षी अंडी घालतो. या वटवट्यांच्या माद्यांनी काय केलं असेल? एकीची अंडी पांढरी, दुसरीची निळी, तिसरीची लालसर, चौथीची शेवाळी. कुणाच्या अंड्यांवर ठिपके, कुणाच्या अंड्यांवर रेघोट्या. जात एकच, पण प्रत्येक मादीची तऱ्हा वेगळी आणि आयुष्यभर तीच. प्रत्येक अंड्यावर जणू आईची सहीच! दुसऱ्याची खोटी सही दिसली की ती अंडं उचलून फेकते. केंब्रिज विद्यापीठाच्या क्लेअर स्पॉटिसवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं तिथे राहून हे अभ्यासलं आहे. कक्कू-फिंचही गप्प बसलेली नाही. तिच्या जातीतही निरनिराळ्या रंगांची अंडी घालणाऱ्या माद्या आहेत. त्यात एकाच घरट्यात तिने एकाहून जास्त अंडी घातली, तर वटवटीण गोंधळते. आपलं कुठलं आणि परकं कुठलं, हे तिला ठरवता येत नाही.

आणि ऑस्ट्रेलियातल्या फेअरी-रेनची हुशारी तर माझी सगळ्यात लाडकी आहे. मूठभर जीव, नराचं डोकं निळंशार. तिथला ब्राँझ-कक्कू यांच्या घरट्यात अंडं घालतो. त्याचं पिल्लूही यजमानाची पिल्लं बाहेर ढकलून देतं. फेअरी-रेन मादी अंड्यांवर बसली की नवव्या-दहाव्या दिवसापासून एक खास सूर काढायला लागते. कुणासाठी? अंड्यातल्या पिल्लांसाठी! कवचाच्या आतून ती ऐकतात. बाहेर आल्यावर भुकेने ओरडताना तोच सूर आपल्या आवाजात मिसळतात. प्रत्येक आईचा सूर निराळा. तिची पिल्लं साधारण १५ दिवसांत बाहेर येतात, म्हणजे सूर शिकायला त्यांना पाचेक दिवस मिळतात. कक्कूचं पिल्लू बाराव्या दिवशीच बाहेर पडतं. त्याला जेमतेम दोन दिवस मिळतात, आणि त्याचा सूर नीट जुळत नाही.

अॅडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या संशोधकांना प्रश्न पडला, हा सूर पिल्लं जन्मतःच घेऊन येतात की शिकतात? त्यांनी वेगवेगळ्या घरट्यांमधल्या अंड्यांची अदलाबदल केली. पिल्लं बाहेर आली ती खऱ्या आईचा नाही, तर उबवणाऱ्या आईचा सूर घेऊन. म्हणजे शिकलेलाच! २०१२ साली ही गोष्ट जगापुढे आली. घरट्यात चुकीचा सूर ऐकू आला, तर आई घास भरवणं थांबवून निघून जाते आणि नवं घरटं बांधायला घेते. ब्राँझ-कक्कूच्या दहातल्या साधारण चार पिल्लांच्या नशिबी हे येतं. बाकीच्या घरट्यांत मात्र आई अजूनही फसतेच.

हे सगळं शिकायला हजारो पिढ्या लागतात. ज्यांना तेवढा वेळ मिळत नाही, त्यांचं काय होतं? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कर्टलंड्स वॉर्बलर हा जेमतेम १४ ग्रॅम वजनाचा पक्षी जॅक पाइनच्या तरुण झाडांखाली घरटं करतो. अमेरिकेतलाच परजीवी पक्षी काउबर्ड पूर्वी मोकळ्या गवताळ प्रदेशात गव्यासारख्या बायसनच्या कळपांमागे फिरायचा. माणसांनी जंगलं तोडली, गुरं आणली, आणि काउबर्ड मिशिगनमध्ये पोचला. वॉर्बलरने असलं अंडं कधी पाहिलेलंच नव्हतं. १९७० च्या आसपास दहातल्या सात घरट्यांमध्ये काउबर्डची अंडी सापडू लागली. त्यात वणवे विझवले जात असल्याने नवी पाइनची झाडंही कमी उगवत होती. १९७२ पासून काउबर्ड पकडायला सुरुवात झाली, तेव्हा कुठे वॉर्बलरची घसरण थांबली. तरी १९८७ मध्ये गाणारे नर फक्त १६७ मोजले गेले! पुढे पाइनची नवी जंगलंही वाढवली, तेव्हा संख्या चढू लागली. २०१९ मध्ये हा पक्षी अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. मला त्या माणसांचं फार कौतुक वाटतं.

शेवटी उत्तर स्पेनमधली एक गंमत सांगते. आपल्याकडे पावसाबरोबर येणारा आणि सातभाईंच्या घरट्यात निळी अंडी घालणारा चातक तुम्हाला माहीत असेल. त्याचा जवळचा नातेवाईक, मोठा ठिपकेदार कक्कू, तिथल्या कावळ्यांकडे अंडी घालतो. पिल्लांना खाऊ वाटून घ्यावा लागतो, म्हणजे कावळ्यांचं नुकसान व्हायला हवं. पण संशोधकांनी १६ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तर कक्कूचं पिल्लू असलेल्या घरट्यांतून कावळ्याचं निदान एक तरी पिल्लू उडण्याची शक्यता जास्त निघाली! त्याचं असं आहे, की कक्कूच्या पिल्लाला कुणी पकडलं की ते शेपटीखालून घाणेरड्या वासाचा द्रव सोडतं. संशोधकांनी तो द्रव कोंबडीच्या मांसाला फासून मांजरांपुढे आणि शिकारी पक्ष्यांपुढे ठेवला. जवळजवळ कुणीच तोंड लावलं नाही. ज्या वर्षी घरटी लुटणारे प्राणी पुष्कळ, त्या वर्षी पाहुण्यामुळे कावळ्यांचा फायदा. ज्या वर्षी ते कमी, त्या वर्षी त्याच पाहुण्यामुळे तोटा.