वाचणारा गळा, लिहिणारा हात

भंडाऱ्याला पितळनगरी म्हणण्याचा प्रघात जुना आहे. तिथला भांडी घडविणारा कारागीर ठोक्याच्या नादावरून पत्रा कुठे पातळ झाला ते ओळखतो आणि मोहाडीकडच्या आंधळगावचा कोसा विणणारा कोष्टी धाग्यातली गाठ डोळ्यांआधी बोटांनी टिपतो, हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला कला ही एकट्या नेत्रांची मिरास आहे असे सहसा वाटणार नाही. तरीही एखाद्याची दृष्टी मंदावली की त्याच्या हातची लेखणी, पेटी किंवा कुंचला आपण मोठ्या मायेने काढून घेतो आणि ‘आता विश्रांती घ्या’ असे म्हणतो. जणू डोळ्यांबरोबर त्याची रचनाशक्तीही निवृत्त झाली. हा निकाल किती उतावळेपणाचा आहे, हे पाहण्यासाठी मागल्या शंभरेक वर्षांचे दफ्तर उघडले, तर पहिलाच दाखला आपल्या विदर्भातून मिळतो.

अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे ६ जुलै १८८१ रोजी गोंदोजी मोहोड यांच्या शेतकरी घरात गुलाबराव महाराजांचा जन्म झाला, आणि वर्षही पुरे होण्याआधी त्यांची दृष्टी गेली. आई त्यांच्या लहानपणीच वारली. शाळेचा प्रश्नच नव्हता, कारण त्या काळच्या वऱ्हाडात अंध मुलाला अक्षर शिकविण्याची कसलीही सोय नव्हती. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस वर्षांचे होते. इतक्या अल्प आयुष्यात या माणसाने शंभराहून अधिक लहानमोठ्या ग्रंथांची रचना केली. त्यांत ओव्या आहेत, अभंग आहेत, पदे आहेत, संस्कृत रचना आहेत, आणि डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांचा परामर्श घेणारे विवेचनही आहे. स्वतःला ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत, आणि आपल्या मधुराद्वैत विचारात त्यांनी अद्वैत वेदान्त व प्रेमभक्ती यांची सांगड घातली. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू ही पदवी दिली, आणि ती सर्वतोमुखी झाली.

या पदवीविषयी मला आदर आहे, परंतु तिच्या आडोशाला जे झाकले गेले त्याची खंतही आहे. महाराजांची विद्वत्ता हा दैवी चमत्कार होय, असे म्हणून आपण हात जोडतो आणि पुढे जातो. त्यामुळे त्या चमत्कारामागे राबलेल्या माणसांची नोंद कोणाच्याच वहीत होत नाही. ज्याला पान दिसत नाही त्याच्यापर्यंत स्पेन्सर पोहोचतो तो कोणाच्या तरी गळ्यातून, आणि त्याने जुळविलेली ओवी कागदावर उतरते ती कोणाच्या तरी हातातून. वाचणाऱ्याने शब्द न गाळता, स्वतःचा अर्थ मध्ये न घालता वाचायचे, आणि लिहिणाऱ्याने ऱ्हस्वदीर्घाचीही कसूर होऊ न देता उतरवायचे. ओळ मोडली तर पुन्हा म्हणायला सांगायचे, आणि रचणाऱ्याने ती पुन्हा, अगदी तशीच, स्मरणातून म्हणायची. ही मेहनत एका दिवसाची नव्हे, वर्षानुवर्षांची असते. महाराजांची अलौकिक स्मरणशक्ती मी मुळीच नाकारीत नाही. मात्र तिला ग्रंथरूप मिळाले ते शिष्यांच्या आवाजामुळे आणि बोरूमुळे, आणि हे सांगितल्याने त्यांची थोरवी तिळभरही उणी होत नाही. चमत्कार पुन्हा घडवून आणता येत नाही, पण व्यवस्था पुन्हा उभारता येते, म्हणूनच मी या मुद्द्यावर एवढा रेंगाळलो.

दक्षिणेकडे पाहावे तर कुरुंदवाडच्या कीर्तनकारांचे चिरंजीव विष्णु दिगंबर पलुस्कर दिसतात. जन्म १८७२. बालपणी फटाका तोंडावर फुटला, दृष्टी कायमची अधू झाली, आणि पुस्तकी शिक्षणाचा मार्ग खुंटल्यामुळे मुलाला मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गायन शिकण्यास ठेवण्यात आले. पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, ते राजाश्रयावर नव्हे तर लोकवर्गणीवर. त्यांच्या कार्यात मला सर्वाधिक मोलाची वाटते ती त्यांची स्वरलेखनपद्धती. ज्याला कागदावरचे अक्षर कष्टाने दिसत होते, त्यानेच गुरूच्या गळ्यात कोंडलेले गायन कागदावर आणण्याचा ध्यास घेतला! त्यांच्या पश्चात शिष्यांनी उभारलेल्या मंडळाच्या परीक्षांमुळे प्रवेशिका आणि विशारद हे शब्द आज तालुक्याच्या गावीही परके राहिलेले नाहीत.

वि. स. खांडेकरांची हकीकत वाचकांना अधिक परिचित असेल. ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९७४ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराने मराठीला तो मान प्रथम मिळवून दिला. परंतु उत्तरायुष्यात त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली होती. १९७६ साली मिरजेत ते निवर्तले, आणि तोवर लेखनिकांच्या साहाय्याने त्यांचे लेखन चालूच होते. स्वतःच्या हाताने लिहिण्याची सवय आयुष्यभर जडलेल्या लेखकाला वाक्य मोठ्याने उच्चारून दुसऱ्याच्या स्वाधीन करावे लागणे, हा तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या कवीच्या स्थितीहून निराळा आणि कदाचित अधिक कठोर प्रसंग होय. कारण खोडणे, मागे जाणे, परिच्छेदावर नजर फिरविणे ही त्याची सारी जुनी आयुधे एकाएकी निकामी होतात.

चित्रकाराचे काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील, आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर शांतिनिकेतनात आहे. बिनोदबिहारी मुखर्जी यांच्या एका डोळ्याची दृष्टी जन्मतःच निरुपयोगी आणि दुसऱ्याची क्षीण होती. १९५७ च्या सुमारास शस्त्रक्रियेनंतर उरलेलीही गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून चित्रे रचली, हातांनी आकार घडविले, आणि १९७२ साली कलाभवनाच्या भिंतीवर फरशीच्या तुकड्यांचे विशाल भित्तिचित्र सिद्ध केले. त्याच वर्षी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर अनुबोधपट केला. रंगाऐवजी कडा, आणि नजरेऐवजी तळहात. माध्यम बदलले, पण मांडणीची बुद्धी तीच राहिली. अर्थात येथेही तुकडे लावणारे विद्यार्थ्यांचे हात सोबतीला होते.

आता आपल्या वैनगंगेकाठाकडे वळतो. झाडीपट्टीतील दंडार हे लोकनाट्य रात्र रात्र रंगते आणि त्याची गाणी पोथीत नव्हे, कंठात जतन होत आली आहेत. म्हणून दृष्टी गेलेल्या गायकाला त्या रिंगणातून बाहेर पडण्याचे काही कारण नाही. कारण निर्माण होते ते आपल्या अनास्थेमुळे. ही अनास्था दृष्टी जाण्याआधीपासूनच टाळावी. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने दूर होतो, तेव्हा ती वेळेवर करून घ्यावी. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही, म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घेण्यात हयगय करू नये. तरीही दृष्टी गेलीच, तर भारती ब्रेल ही स्पर्शलिपी १९५१ पासून उपलब्ध आहे, मात्र उतारवयात ती बोटांच्या अंगवळणी पाडणे पुष्कळांना जड जाते. अशा वेळी उपयोगी पडतो तो जुनाच उपाय: वाचणारा गळा आणि लिहिणारा हात.

आपल्या वाड्यात, आळीत, नात्यागोत्यात कोणी गीते रचणारे, पेटी वाजविणारे, नक्षी काढणारे वडीलधारे असतील आणि त्यांना आता दिसेनासे झाले असेल, तर पुढल्या सोमवारपासून रोज संध्याकाळी एक तास एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. ते सांगतील तसेच, एकही शब्द न बदलता उतरवून घ्या, आणि उतरविलेले त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.